अमेरिका कुणाची होती

९ नोव्हेंबर

मागच्या टिनाच्या शेडचं दार उघडेना. कुलूप निघालं, दार नाही. शेवटी बिजागऱ्यांचे स्क्रूच काढले. आत बाबांची गाडी, आमची अमेरिका, जशीच्या तशी. अंगावर गोधड्या, त्यांच्यावर कूलरची जुनी जाळी, धाकट्या भावाची, प्रशांतची, बॅट, आणि सगळ्यावर धूळ. गोधडीखालून पुढचा बंपर दिसला आणि मी उगाचच ओढणी सारखी केली. कुणी मोठं माणूस बसलेलं असावं तशी.

आई ओट्यावर मेथी निवडत होती. "काय करून राहिली वं तिथं?"

म्हटलं, गाडी विकणार आहे.

तिनं दुसरी जुडी सोडली. मग, "कोण घेईन तिले? म्हैस असती तर दूध तरी दिलं असतं."

बाबा गेल्यापासून अ. हलली नाही. मीही फारशी नाही. रामदासपेठेतलं तेच हॉस्पिटल, फिजिओथेरपीचं तेच तळघर, दुसऱ्यांचे गुडघे. आता पुरे. या शेडमध्ये माझं क्लिनिक होईल. अ. गेली की जागा मोकळी, आणि तिचे येतील त्या पैशांत बाकीचं सगळं. लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरायला लाज वाटेल.

१२ नोव्हेंबर

सदर बाजारातून गजूभाऊ आले. गॅरेजवाले, जुन्या गाड्यांचं वेड. बॉनेट उघडलं आणि हसायलाच लागले.

"ताई, तुमच्या बाबूजींनी तर वाघाच्या पोटात बकरी बसवली."

आत टेम्पोचं डिझेल इंजिन. मला माहीत होतं. अडुसष्टची दोन दारांची अमेरिकन गाडी, आठ सिलिंडरची. तिला पेट्रोल पाजणं कारकुनाच्या पगारात बसत नव्हतं. वर्षभर बाबांनी सोसलं, मग पोटच बदलून टाकलं.

"मूळचं इंजिन कुठं आहे? भंगारात?"

आईनं कोठीच्या खोलीकडे बोट केलं. लोणच्याच्या बरण्या खाली घेतल्या, पोतं ओढलं. गजूभाऊंनी पाना लावून फिरवून पाहिलं. फिरलं. ते उकिडवे बसले होते ते तसेच राहिले.

"इतक्या वर्षांत हे जाम काहून नाही झालं?"

"दसऱ्याले तेल करतो ना," आई म्हणाली.

मग समजावून सांगावं लागलं. दसऱ्याला पलीकडच्या गल्लीत गाड्यांना हार, हळद-कुंकू. बाबा म्हणायचे, आपण पूजा नाही करत, आपण तेल करतो. दीक्षाभूमीला जायचे पांढरे कपडे अंगावर चढायच्या आधी आठही भोकांत तेल, आणि पान्यानं हळूहळू फिरवायचं. बाबांनंतर आईनं ते एकटीनं चालू ठेवलं. मला वाटायचं, सकाळी सकाळी ती बरण्या पुसते.

गजूभाऊ जाताना मला म्हणाले, "ही गाडी होते ताई. तुमच्या आईमुळे होते." आई आत निघून गेली. कौतुक झालं की ती आत जाते.

२० नोव्हेंबर

इंजिन गॅरेजला गेलं. अ. पण गेली, क्रेनला लटकून. गल्लीतली सगळी पोरं मागून पळाली. शेड इतकं रिकामं की माझाच खोकला परत ऐकू आला.

जेवताना आईनं लिलावाची गोष्ट पुन्हा सांगितली. मी विचारली नव्हती. धरणाच्या कामावर आलेला अमेरिकन इंजिनीअर गाडी इथेच सोडून गेला, सरकारनं ती लिलावात काढली. स्टिअरिंग डावीकडे, पेट्रोल ढोसणारी, कुणी पुढे येईना. बाबा त्याच खात्यात कारकून. सायकल झाडाला टेकवली आणि बोली बोलले. साहेब म्हणाले, आधी मालकाला बोलाव. बाबा म्हणाले, साहेब, मालकच बोलून राहिला.

येताना सायकल डिकीत घातली. डिकी मिटेना, मागचं चाक बाहेर. आई सांगते, वस्तीनं आधी ते चाक पाहिलं, मग गाडी, मग आत बसलेला माणूस, आणि मग कुणी काही बोललंच नाही.

त्यानंतर मात्र बोलायला उसंत नव्हती. वस्तीतली सगळी लग्नं अ.मधून. बाळंतपणाला अ. आमचा प्रशांत तर मागच्या सीटवरच झाला, हॉस्पिटलचं फाटक दिसत असताना. चौदा एप्रिलला मिरवणुकीच्या पुढे अ., टपावर भोंगा. त्यासाठी बाबांनी तिला ब्रशनं निळी रंगवली. भोंगा बसवायला टपाला चार भोकं पाडली. पावसाळ्यात त्यांत साबण भरायचो.

५ डिसेंबर

सुबोध म्हणून एक जण पुण्याहून आला. प्रशांतनंच पाठवला. जुन्या गाड्या विकून देतो. पांढरा शर्ट, बोटं अगदी स्वच्छ. गॅरेजमध्ये अ.भोवती फिरला, टपावर टिचकी मारली.

"मॅडम, अशा गाड्या देशात बोटांवर मोजण्याइतक्या. पण हा निळा रंग काढावा लागेल. घेणाऱ्याला मूळ रंग लागतो. आणि ही भोकं कसली?"

सांगितलं, भोंग्याची.

"बुजवा," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. वाद घातला नाही. मला क्लिनिक हवंय, संग्रहालय नको.

११ डिसेंबर

रंग खरवडायला घेतला. निळ्याखालून लाल निघतोय, तिखटासारखा. आईही बघायला आली. तिनं बॅगेतून पाण्याची बाटली काढली, स्टुलावर बसली, बराच वेळ पाहत राहिली.

"लाल बरा दिसते," म्हणाली. "तुझ्या बाबानं सगळे फराटे ओढले होते. मी बोलली नाही इतकंच."

रिक्षात मी विचारलं, वाईट नाही वाटलं?

"काहून? निळा काय गाडीवरच होता?"

मी तिची बाटली परत बॅगेत ठेवली.

८ जानेवारी

आज इंजिन सुरू होणार होतं. गजूभाऊंनी चार लिंबं आणून ठेवली होती, चाकांखाली ठेवायला. मी म्हटलं, भाऊ, आमच्याकडे नाही चालत.

"तुमच्यासाठी नाही ताई. माझ्यासाठी. मले धीर येते."

आई म्हणाली, "तर मग खिशात ठेव. नाहीतर चहात पिळ."

खिशात ठेवली. चारही. पँट अशी फुगली की ते चालताना मी दुसरीकडे पाहिलं.

पहिल्या दोनदा नुसता उसासा. तिसऱ्यांदा ती... आवाज कसा लिहू? पायांच्या तळव्यांतून आला. समोरच्या चहाच्या टपरीवरचे पेले वाजले. मी दर वेळी रुग्णांना सांगते, सांधा हलता ठेवा, थोडा थोडा, रोज नाही तर निदान कधी तरी, मग वेळ आली की तो उठतो. आईनं हे कुणाकडून ऐकलं नव्हतं.

ती कानांत बोटं घालून हसत होती. दात न लावता आली होती, हे ती विसरली.

६ फेब्रुवारी

सुबोधचा फोन. गिऱ्हाईक मिळालं. हैदराबादचे कोणी राव, बांधकामाचा मोठा धंदा, घरी गाड्यांची ओळ. त्यांनी व्हिडिओ पाहून होच म्हटलंय. मार्चमध्ये सदरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, तिथे येऊन बघतील, तिथेच व्यवहार.

संध्याकाळी शेडमध्ये उभी राहून हातवारे केले. इथे टेबल. इथे चालायच्या दांड्या. इथे खिडकी पाडायची. बाहेर पाटी, माझ्या नावाची. आई दारातून, "कोणाशी बोलून राहिली?"

१४ फेब्रुवारी

सुबोध परत आला. या वेळी घरी. चहा घेतला, खारी घेतली, आईची तब्येत विचारली. मग एक कागद. गाडीचा इतिहास म्हणे, खाली आईची सही हवी.

वाचला. गाडी एका संस्थानिकांच्या शिकारीच्या ताफ्यातली. कुठलं संस्थान, ते मोघम. तनखे बंद झाल्यावर राजेसाहेबांनी ती त्यांच्या विश्वासू ड्रायव्हरच्या नावे करून दिली. त्या ड्रायव्हरच्या कुटुंबानं ती निष्ठेनं सांभाळली.

विचारलं, हा ड्रायव्हर कोण?

"कागदोपत्री नाव तुमच्या वडिलांचं आहे ना, मॅडम. मग ते कुठे तरी बसवायला लागतं."

म्हटलं, ते कारकून होते. लिलावात घेतली. पावती आहे.

"पावती आहेच हो. पण गोष्ट पावतीनं विकली जात नाही. लोक विचारणार, कारकुनाकडे अशी गाडी? त्यापेक्षा हे गोड आहे. वडिलांचा मानच आहे यात. निष्ठावान म्हटलंय."

तो खारी बुडवत होता. खारीचा तुकडा कपात पडला. मी चमचा दिला नाही. इतकंच सुचलं त्या क्षणी.

आईला वाचून दाखवला. तिनं सगळा ऐकला. म्हणाली, "ह्यांना तर उलटी गाडी घ्यायले येत नव्हती. फाटक पाडलं होतं दोनदा. कोणता राजा ठेवीन?"

सही नाही केली. सुबोध कागद ठेवून गेला. विचार करा म्हणाला.

१५ फेब्रुवारी

प्रशांतचा फोन. सुबोधनं आधीच कान भरलेले.

"ताई, कर ना सही. बाबा तर नाहीत आता. कोणाला काय फरक पडते?"

म्हटलं, तुला नाही पडत?

"मला तुझं क्लिनिक व्हावं असं वाटते. तळघरात म्हातारी होशील. एक कागद आहे तो. जगात सगळ्या जुन्या गाड्या कोणत्या ना कोणत्या राजाच्याच असतात."

तो वाईट नाही. खरंच मनापासून बोलत होता, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, तू ज्या सीटवर जन्मला ती सीट राजाची होती असं सांगू का तुझ्या पोरांना?

तो हसला. मग, "मुद्दा तो नाही."

मुद्दा तोच आहे. रंग मागितला, दिला. भोकं बुजवायला सांगितली, बुजवली. आता बाप मागतात. नाही, बापही नाही. बापाला राहू देतात, फक्त दुसऱ्याच्या गाडीत बसवून.

१९ फेब्रुवारी

सुबोधला कळवलं, सही होणार नाही. तो शांतपणे म्हणाला, ठीक आहे मॅडम, प्रदर्शनाला तर आणा. इतक्या सहज ऐकलं याचंच आश्चर्य वाटलं.

२ मार्च

लिहिताना हात अजून गरम आहे.

अ. मी चालवत नेली. डावीकडे बसून चालवायला महिनाभर गजूभाऊंच्या शिव्या खाल्ल्यात. शेजारी आई, नवीन पांढरी साडी. उड्डाणपुलाखाली स्कूटीवरच्या दोन मुली ओरडल्या, "आंटी, क्या बात है." आईनं हात हलवला, पंतप्रधान असल्यासारखा.

मैदानात गाड्यांच्या रांगा. प्रत्येकीपुढे पाटी. आमची जागा कुठे म्हणून पाहिलं तर सुबोधनं आधीच पाटी लावलेली. तोच मजकूर. राजेसाहेब, शिकार, विश्वासू ड्रायव्हर. कागदावर सही नव्हती, म्हणून बोर्डावर छापून आणला. खाली बाबांचं नाव. ड्रायव्हर म्हणून.

लोक वाचत होते. एक बाई मुलाला म्हणाली, "बघ, राजाची गाडी."

मी पाटी उलटी केली. मागची बाजू पांढरी. पर्समध्ये कातडीवर खूण करायचं पेन होतं, हॉस्पिटलमधलं, जांभळं. त्यानंच लिहिलं. अक्षर वाकडं आलं, जागा पुरली नाही, शेवटच्या ओळी बारीक झाल्या.

मालक: भीमराव गणवीर, कारकून. लिलावात स्वतः बोली लावून घेतली. सायकलवर गेले, गाडीत आले. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवलं, मूळ इंजिन जपलं. या गाडीतून वस्तीच्या नवऱ्या गेल्या, बाळंतिणी गेल्या, चौदा एप्रिलची मिरवणूक गेली. रंग निळा होता. विकायला लाल केला. सध्याची मालकीण: त्यांची बायको शांताबाई. या बसल्या आहेत.

सुबोध धावत आला. "मॅडम, काय करताय? रावसाहेब फाटकाशी आहेत."

म्हटलं, येऊ द्या. वाचता येत असेल ना त्यांना.

"तुमचंच नुकसान आहे."

म्हटलं, माझंच आहे, म्हणून मीच करतेय.

त्यानं पाटीला हात लावला. आई खुर्चीवरून उठली नाही, फक्त म्हणाली, "हात काढ गा." त्यानं काढला.

राव आले. साधे, जाडसर, टोपी घातलेले. सुबोधनं त्यांना दुसऱ्या बाजूला न्यायचा प्रयत्न केला, पण ते पाटीसमोर थांबले. मराठी येत नाही. मला म्हणाले, पढ़कर बताइए. मी हिंदीत वाचून दाखवली. बाळंतिणी म्हणताना मागच्या सीटकडे बोट केलं.

त्यांनी आईला विचारलं, "सीट वही है, अम्मा?"

"सीट वही, कवर नया," आई म्हणाली. "मेरा लड़का उसपेच हुआ. पूना में इंजीनियर है."

ते हसले. मी इंजिन सुरू केलं, त्यांनी बॉनेटवर हात ठेवून ऐकलं. बराच वेळ. मग म्हणाले, फोन करतो. सुबोध त्यांच्यामागे गेला. दोघं पार्किंगपर्यंत बोलत गेले, राव मान हलवत होते. हो की नाही, लांबून कळलं नाही.

दुपारभर पाटीपुढे गर्दी. एक म्हातारे गृहस्थ येऊन आईला म्हणाले, माझं लग्न याच गाडीतून झालं, वहिनी. आईनं त्यांना ओळखलं. "तुम्ही मागच्या सीटवर उलटी केली होती," म्हणाली. ते लाजले. बायको सोबत होती, ती म्हणाली, खरं आहे.

५ मार्च

सुबोधनं हात वर केले. लेखी कळवलं, असल्या वादग्रस्त वस्तूत रस नाही. वादग्रस्त.

प्रशांतला कोणीतरी पाटीचा फोटो पाठवला. त्यानं मला पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही. मी तो आईला दाखवला.

१६ मार्च

राव यांचा स्वतःचा फोन. गाडी हवी आहे. किंमत तीच. राजाबिजा काही नको म्हणाले, मलाही तो प्रकार आवडत नाही. मी श्वास सोडला.

मग म्हणाले, माझ्याकडे मात्र पाटीवर एवढंच असेल: खाजगी मालक, नागपूर. माझ्याकडे सगळ्यांच्या पाट्या आहेत, राजांच्या, कंपन्यांच्या, नटांच्या. लोक प्रश्न विचारतात, मला वाद नको. आप बुरा मत मानिए.

त्यांचा सूर मऊ होता. हे सुबोधपेक्षा कठीण. सुबोधवर रागावता येत होतं.

विचारलं, राजांच्या पाटीवर राजांचं नाव आहे?

"वो तो है."

मग यांचं का नको?

ते म्हणाले, सोचता हूँ. मी म्हटलं, जरूर. आणि सांगून टाकलं, नाव पूर्ण लागेल, भीमराव गणवीर, आणि कारकून हेही. ते लेखी द्या, किल्ली घ्या. ते नसेल तर गाडी इथेच बरी आहे.

फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले.

आईला सांगितलं. तिनं भाकरी उलटली. "नाही घेतली तर?"

नाही घेतली तर नाही.

"क्लिनिक?"

मी ताट घेतलं. भाकरी फुगली.

२३ मार्च

रविवार. ऊन आताच टोचतंय. रावांचं काही नाही.

सकाळी शेजारच्या लीलामावशी लंगडत आल्या. हॉस्पिटलमध्ये यायला त्यांना जमत नाही, जिने. म्हणाल्या, इथंच पाहून दे. शेडमध्ये अ. उभी, टेबल ठेवायला जागा नाही. खाटेवर त्या खाली जातात, मग उठता येत नाही. मी इकडेतिकडे पाहिलं आणि अ.चं दार उघडलं. दोनच दारं, म्हणून दार अवाढव्य. मावशींना सीटवर आडवं बसवलं, पाठ टेकलेली, पाय दाराबाहेर सरळ. उंची अशी की मला वाकावंही लागलं नाही. असं टेबल हॉस्पिटलात नाही.

त्या गेल्या आणि अर्ध्या तासात त्यांच्या जावेला घेऊन परत आल्या. मग कोपऱ्यावरचे शिक्षक, खांदा. आईनं बाहेर तीन खुर्च्या मांडल्या, कुणी न सांगता, आणि चहा ठेवला.

मावशींच्या जावेचा पाय हातात असताना फोन वाजायला लागला. बॉनेटवर ठेवला होता, थरथरत सरकत होता. आईनं डोकावून पाहिलं. "हैदराबाद लिहून आहे वं."

जावबाई म्हणाल्या, "घे ना, महत्त्वाचा असेल."

महत्त्वाचाच आहे. फोनकडे हात नेत म्हटलं, पाय असाच वर धरा. मी सांगेपर्यंत खाली आणायचा नाही.